ओटीपी आला की स्क्रीन जायची

जॉबकार्डवर मी लिहिलं होतं, 'नो डिस्प्ले, मधूनच'. आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात हे शब्द शेजारी शेजारी आले की आठवडा गेला समजायचं. कायमची गेलेली स्क्रीन परवडते. ती टेबलावर आल्यावरही गेलेलीच असते. मीटर लावा, शोधा, सापडते. मधूनच जाणारी स्क्रीन दुकानात आली की पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखी शहाणी होते आणि घरी गेली की पुन्हा तेच.

हे प्रकरण एप्रिलमध्ये सुरू झालं आणि जुलैत मिटलं. तीन दुकानं झाली, एक वायर बदलली, एक पॅनल बदलता बदलता राहिलं. त्यात माझी चूक किती, तेही लिहितो आहे.

एप्रिल

गिऱ्हाईक म्हणजे सांगलीतले एक करसल्लागार. पंचावन्नच्या आसपासचे, गणपती पेठेच्या अंगाला ऑफिस, पार्ट्या, म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं, बहुतेक हळदीच्या आणि बेदाण्याच्या धंद्यातल्या. लॅपटॉप तीन वर्षांचा, १५.६ इंची, जपून वापरलेला. कीबोर्डवर चहाचा डाग नाही, झाकणावर ओरखडा नाही. अशा माणसाचं मशीन बिघडलं की आपल्यालाच वाईट वाटतं.

१२ एप्रिलला आले. म्हणाले, "काल ऐन रिटर्नच्या वेळी स्क्रीन गेली हो. काळीभोर. जरा वेळानं आली. परत गेली, परत आली. आणि रात्री घरी मुलीनं यावरच दोन तास सिनेमा बघितला, तेव्हा काही नाही." ११ तारीख म्हणजे जीएसटीआर-१ ची, विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख. त्या दिवशी करसल्लागाराला जेवायला वेळ नसतो, तिथं स्क्रीन जाणं म्हणजे काय ते कळलं. बोलता बोलता त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला. नवा, तपकिरी चामडी कव्हरचा. पाडव्याला मुलीनं घेऊन दिला, असं कौतुकानं सांगितलं. मीही "छान आहे" म्हटलं आणि बाजूला सरकवला.

'स्क्रीन गेली' या तक्रारीत निदान चार वेगळे आजार असतात, ते आधी सुटे करावे लागतात. एक, मशीनच मेलं: दिवा नाही, पंखा नाही. हे स्क्रीनचं दुखणं नव्हेच, चार्जर आणि बॅटरीपासून सुरुवात करायची. दोन, पंखा फिरतो, पॉवरचा दिवा आहे, पण कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा बदलत नाही, म्हणजे मशीन जागंच झालेलं नाही. इथं पहिला संशय रॅमवर. काढायची, सोनेरी दातांवर हलक्या हातानं खोडरबर फिरवायचा, पुन्हा बसवायची. बरीच मशीनं एवढ्यावर उठतात. तीन, मशीन टक्क जागं आहे, गाणं वाजतंय, कॅप्स लॉकचा दिवा लागतो, नुसतं चित्र नाही. आणि चार, चित्र आहे पण मागचा उजेड गेलाय. हे ओळखायला अंधारात टॉर्च तिरपी धरून स्क्रीनवर मारायची. भुतासारखी पुसट चौकट, घड्याळाचे आकडे दिसले, तर पॅनल चित्र काढतंय, फक्त बॅकलाइट मेली आहे.

साहेबांचं मशीन तिसऱ्या किंवा चौथ्या घरातलं. कारण त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट सांगितली होती: स्क्रीन काळी असताना त्यांनी ओटीपीचे आकडे अंदाजानं टाइप केले आणि स्क्रीन परत आली तेव्हा ते चौकटीत बरोबर पडलेले होते. म्हणजे मशीन झोपलंही नव्हतं, अडकलंही नव्हतं.

मी नेहमीचं सगळं केलं. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, रॅम साफ केली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. विंडोजची रोजनिशी, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून बघितली. मशीन अचानक बंद पडलं असेल तर कर्नल-पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद सापडते, झोपी गेलं असेल तर ४२, ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोसळून सावरला असेल तर ४१०१. ११ एप्रिलच्या दुपारी यातली एकही नोंद नव्हती. विंडोजच्या लेखी त्या दुपारी काहीही झालेलं नव्हतं.

दोन दिवस टेबलावर व्हिडिओ चालू ठेवला. स्क्रीन डोळा मिटेना. ४०० रुपये घेतले आणि मशीन परत दिलं.

मे

२१ मे. साहेब परत. या वेळी जास्तीचा तपशील घेऊन: "झाकण जरा मागंपुढं केलं की येते."

हे वाक्य ऐकलं की कुठल्याही लॅपटॉप मेकॅनिकच्या डोक्यात एकच दिवा लागतो. डिस्प्ले केबल. मदरबोर्डवरून निघून ही वायर बिजागरीच्या पोटातून वर पॅनलपर्यंत जाते. आम्ही जुन्या सवयीनं तिला अजून एलव्हीडीएस म्हणतो, हल्लीच्या मशीनमध्ये ती ईडीपी असते, टोकाला बहुतेकदा ३० पिनांचा कनेक्टर. केसासारख्या तारांच्या जुडग्यातून चित्राचा डेटा, पॅनलच्या सर्किटसाठी ३.३ व्होल्ट, बॅकलाइटसाठी वेगळा त्याहून जास्त दाबाचा पुरवठा आणि उजेड कमीजास्त करायचा संकेत, असं सगळं जातं. झाकण दिवसातून दहा वेळा उघडमिट केलं की बिजागरीपाशी ती दहा वेळा वाकते. दोन-तीन वर्षांत एखादी तार आतल्या आत तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं. झाकण एका कोनात असलं की तुटकी टोकं टेकतात, दुसऱ्या कोनात सुटतात. लक्षण तंतोतंत जुळत होतं.

जुळत नव्हती ती एकच गोष्ट. मी टेबलावर ते झाकण पन्नास वेळा हलवलं, बिजागरीपाशी वायर बोटानं दाबली, पिळली. स्क्रीन साधी लुकलुकलीसुद्धा नाही. तुटकी वायर असं करत नाही, पन्नासात एकदा तरी ती आपला गुण दाखवतेच. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलेलं असतं, समोर स्टुलावर बसलेलं असतं, आणि आता काहीतरी बदललं पाहिजे असं आपल्याच हाताला वाटायला लागतं. मी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या माणसाला फोन लावला, चौथ्या दिवशी वायर आली, बसवली. वायर १४००, मजुरी ६००.

वायर बदलण्याचे व्हिडिओ बघून घरी हा उद्योग करणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो. मागचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मगच डिस्प्लेच्या वायरीला हात लावा. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असते आणि कनेक्टर तिरका निघाला की बॅकलाइटच्या पिना शेजारच्या पिनांना टेकतात. मग बोर्डवरचा मोहरीएवढा फ्यूज उडतो, आणि ज्याला आधी फक्त वायर लागत होती त्याला आता बोर्डचं काम लागतं. महिन्याला एक तरी असं मशीन माझ्याकडे येतं. आणणारा हमखास म्हणतो, "मी काहीच केलं नाही."

जून

१२ जूनला फोन. "गेली."

मधल्या काळात ते दुसऱ्या दोन दुकानांत जाऊन आले होते. त्यांचं बरोबरच होतं. एकानं पॅनल गेलं म्हणून ६२०० सांगितले, दुसऱ्यानं न उघडताच मदरबोर्ड म्हटलं. साहेब हिशेबाचा माणूस. तीन दुकानांची तीन निदानं, म्हणजे कुणालाच माहीत नाही, एवढं त्यांना कळलं. माझ्याकडे परत आले ते विश्वासानं नव्हे, वायरीचे २००० माझ्याकडे अडकले होते म्हणून.

आता मी त्यांना कामाला लावलं. म्हटलं, पुढच्या वेळी स्क्रीन गेली की घाबरून झाकण हलवू नका. चार गोष्टी करा आणि लिहून ठेवा. कॅप्स लॉकचा दिवा लागतो का बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा, त्यानं ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी नव्यानं सुरू होतो, बारीक 'टुक' आवाज येतो. स्क्रीनवर टॉर्च मारा. आणि ऑफिसातला मोठा मॉनिटर एचडीएमआयनं जोडून ठेवा, त्यावर चित्र राहतं का बघा.

आठ दिवसांनी ते एक रजिस्टर घेऊन आले. लाल कापडी पुठ्ठ्याचं, हातानं रेघा मारलेलं, प्रत्येक रकान्याला मथळा: तारीख, वेळ, किती वेळ गेली, काय केले, काम कोणते चालू होते. मी इतकी वर्षं दुकान चालवतोय, कंपनीच्या इंजिनिअरनंसुद्धा मला इतकी नीट नोंद दिलेली नाही. सात वेळा गेली होती. कॅप्स लॉक: लागतो. टुक: आवाज येतो, स्क्रीन येत नाही. मोठा मॉनिटर: चित्र आहे, 'लॅपटॉपवरच्या सर्व खिडक्या तिकडे जातात.' टॉर्चच्या रकान्यात मात्र सातही वेळा एकच शेरा होता: 'टॉर्च लावेपर्यंत आली.'

"आणि एक गंमत सांगू का," साहेब म्हणाले. "तुम्हाला फोन करायला घेतला की लगेच येते. तुमचा धाक आहे तिला."

मी हसलो, तेही हसले. उत्तर त्याच रजिस्टरात आणि त्याच थट्टेत होतं, आम्ही दोघंही त्यावरून तसेच पुढं गेलो.

माझी नजर शेवटच्या रकान्यावर अडकली होती. 'काम कोणते चालू होते' याखाली सातही वेळा ओटीपी. 'जीएसटी, ओटीपी टाकताना.' 'आधार ओटीपी.' 'बँक, ओटीपी.' साहेबांनीच विचारलं, "साइटमुळं होतं का हो?" मी नाही म्हटलं, पण मनात किडा शिरला. ब्राउझर कधीकधी चित्र काढायचं काम ग्राफिक्स चिपवर टाकतो, काही पानांवर त्यात गडबड होते, हे खोटं नाही. मी ब्राउझरमधलं हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद केलं. ड्रायव्हर कंपनीच्या जुन्या आवृत्तीवर नेला. एवढं करून मशीन दिलं आणि स्वतःलाच पटेना. जीएसटीची साइट वेगळी, आयकराची वेगळी, बँकेची वेगळी. तिन्ही साइटींनी मिळून एका लॅपटॉपशी वैर का धरावं?

खिडक्या मोठ्या मॉनिटरवर 'जातात' ही नोंद मी वाचली आणि सोडून दिली, याचं मला सगळ्यात जास्त लागतं. बॅकलाइट मेली किंवा तिची तार तुटली तर विंडोजला बहुतेकदा पत्ताच लागत नाही; ते आपलं त्या काळ्या पॅनलवर चित्र पाठवत राहतं, खिडक्या जागच्या हलत नाहीत. खिडक्या पळतात, म्हणजे कुणीतरी विंडोजला अधिकृतपणे कळवलेलं असतं की ही स्क्रीन आता नाही.

२० जुलै

जुलैत रोज जायला लागली. एकीकडे २० तारखेचं जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं दुसरं रिटर्न, दुसरीकडे महिनाअखेरची आयकराची विवरणपत्रं. दिवसभर ओटीपीच ओटीपी. साहेबांनी आता मला सांगायचंही सोडलं होतं. २० तारखेला संध्याकाळी त्यांच्या ऑफिसातून फोन आला तो प्रिंटरसाठी, पानावर काळा पट्टा येत होता. मी टोनर घेऊन गेलो. प्रिंटर त्यांच्या टेबलाला लागूनच, त्यामुळे मी खाली बसलेलो आणि माझ्या डोळ्यांच्या पातळीवर लॅपटॉपची डावी कड.

साहेब रिटर्न पूर्ण करत होते. मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याचं रिटर्न ओटीपीनं दाखल होतं आणि तो ओटीपी येतो पार्टीच्या मोबाइलवर. त्यामुळे पार्टीला फोन लावायचा, आकडे ऐकायचे, टाकायचे. साहेबांनी फोन लावला, कव्हरची झडप उघडली, स्पीकर चालू केला आणि मोबाइल ठेवला तो लॅपटॉपवरच. टचपॅडच्या डावीकडे, मनगट टेकायच्या मोकळ्या जागेवर. उजवा हात आकड्यांच्या बटणांवर.

स्क्रीन गेली.

"बघा!" साहेब म्हणाले, आणि त्यांचा डावा हात मोबाइल उचलायला निघाला. झाकण हलवायला दोन्ही हात मोकळे हवेत ना.

"थांबा. त्याला हात लावू नका."

का म्हणालो, सांगता येत नाही. कदाचित खाली बसल्यामुळं मला स्क्रीन दिसतच नव्हती, फक्त हात दिसत होता. मी माझ्या मोबाइलची टॉर्च तिरपी मारून बघितली. पुसट चौकटसुद्धा नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा ती टॉर्चची परीक्षा पुरी झाली. मग साहेबांचा मोबाइल उचलला. एक श्वास गेला असेल, स्क्रीन आली. ठेवला, गेली. उचलला, आली.

फोनवरचा हळदवाला तिकडून ओरडत होता, "हॅलो, साहेब, ऐकू येतंय न्हवं? चार... सात... सात... लिवलं का?" साहेबांनी नाही लिहिलं. ते माझ्या हाताकडे बघत होते. मी मोबाइल वर-खाली करत होतो आणि स्क्रीन उघडझाप करत होती. शेवटी त्यांनी दुसरा ओटीपी मागवला.

कव्हरची झडप बंद राहावी म्हणून तिच्या जिभेत चुंबक असतं. मी टेबलावरच्या स्टेपलरच्या पिना जवळ नेल्या, तीन पिना लटकल्या.

लॅपटॉपला आपलं झाकण मिटलं हे कसं कळतं, याचा विचार फार थोडे लोक करतात. पूर्वी बिजागरीजवळ बारीक खुंटी असायची, झाकण मिटलं की ती दाबली जायची. आता झाकणाच्या कडेत छोटं चुंबक असतं आणि त्याच्या बरोबर खाली, कीबोर्डच्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढा हॉल सेन्सर. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर आडवं चुंबकीय क्षेत्र आलं की पट्टीच्या दोन कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज तयार होतं. १८७९ मध्ये एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला हे दिसलं, त्याचंच नाव. सेन्सरला चुंबक जवळ आल्याचं कळतं, ते कुणाचं हे कळत नाही. झाकणाचं असो की मोबाइलच्या कव्हरचं, तो वर कळवतो: झाकण मिटलं. मग स्क्रीन बंद होते, कारण मिटलेल्या लॅपटॉपची स्क्रीन कशाला पेटती ठेवायची?

आता राहिला एक प्रश्न. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. मग हा झोपत का नव्हता? झोपला असता तर रोजनिशीत ४२ ची नोंद पडली असती, मी एप्रिलमध्येच 'हा झोपतो कशानं' असं विचारलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. त्याचं उत्तर असं की आदल्या वर्षी साहेबांना लॅपटॉप मिटून मोठ्या मॉनिटरवर काम करायचं होतं, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'काहीच करू नका' हा पर्याय निवडलेला होता. तो असला तरी स्क्रीन मिटतेच, फक्त मशीन जागं राहतं, टायपिंग चालू राहतं, आकडे चौकटीत पडतात. आणि ते सेटिंग करून दिलं होतं मी. पाच मिनिटांचं काम म्हणून पैसेही घेतले नव्हते.

मग सगळे शेरे एकेक करून जागेवर बसले. टॉर्च लावायला मोबाइल उचलावा लागतो. मला फोन करायला मोबाइल उचलावा लागतो. झाकण हलवायला हात मोकळा करायचा तर मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. सिनेमा बघणारी मुलगी मोबाइल लॅपटॉपवर ठेवत नाही. आणि माझ्या दुकानात लॅपटॉप नेहमी एकटाच यायचा, मोबाइल साहेबांच्या खिशात. काउंटरवर ठेवलेला मीच बाजूला सरकवला होता.

नंतर

आपल्या मशीनचा सेन्सर कुठं आहे ते घरी काढता येतं. स्क्रीनभोवतीच्या काळ्या पट्टीवरून स्टेपलरची सुटी पिन हळूहळू सरकवा. जिथं ती चिकटल्यासारखी वाटेल तिथं आत चुंबक. झाकण मिटल्यावर ती जागा खाली जिथं येते, त्याच्या आसपास सेन्सर. दोन-तीन ठिकाणी चिकटली तर गोंधळू नका, झाकण घट्ट बसावं म्हणून काही मशीनमध्ये जास्तीची चुंबकं घालतात. साहेबांच्या लॅपटॉपमध्ये ती जागा पुढच्या कडेपासून दोन बोटं आत, टचपॅडच्या डावीकडे. उजवा हात कामात असलेला माणूस मोबाइल ठेवणार तो तिथंच.

तेव्हापासून माझ्या जॉबकार्डवर एक ओळ वाढली आहे: 'तक्रार सुरू होण्याआधी नवीन काय आणलं?' ती सरळ विचारून उपयोग होत नाही, लोक लॅपटॉपमधल्या नव्या गोष्टीच सांगतात. म्हणून मी विचारतो की काम करताना टेबलावर काय काय असतं, हातात काय असतं. मिरजेच्या एका आजोबांच्या मनगटात बीपीसाठी घेतलेलं चुंबकाचं कडं निघालं. बीपीला त्याचा उपयोग होतो असं मला वाटत नाही, लॅपटॉपला मात्र चांगली झोप लागत होती. एका शाळेत दोन लॅपटॉप एकावर एक ठेवून वापरत होते; खालच्याचं चुंबक वरच्याला लागायचं. बहुतेक वेळा मात्र काळ्या स्क्रीनचं कारण नेहमीचंच निघतं, वायर, पॅनल, रॅम. दर गिऱ्हाइकाचं कव्हर तपासत बसलो तर दुकान बंद करावं लागेल.

एक नियम मात्र मी स्वतःला घालून घेतलाय. बिघाड माझ्या डोळ्यांसमोर एकदा तरी घडल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही. त्यापायी चार गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, जाऊ देत.

साहेबांना मी एप्रिलचे ४०० आणि मजुरीचे ६०० परत केले. वायरीचे १४०० त्यांनी घेतले नाहीत. "नवी वायर मशीनमध्ये आहे ना, मग खर्च खराच आहे," म्हणाले. रजिस्टरात आठवी नोंद करून खाली दोन रेघा मारल्या आणि खातं बंद केलं. कव्हर मुलीनं दिलेलं म्हणून बदललं नाही. टेबलावर एक लाकडी स्टँड आला, मोबाइल आता तिथं उभा असतो.

काढलेली जुनी वायर माझ्या खणात पडून होती. दिवाळीच्या आधी त्याच मॉडेलचा एक लॅपटॉप आला, त्याची वायर खरोखरच उंदरानं कुरतडली होती. नवी यायला चार दिवस लागणार होते, म्हणून तोवर साहेबांची जुनी बसवून दिली. गिऱ्हाईक अजून नवी घालून घ्यायला आलेलं नाही. फोन केला तर म्हणालं, चाललंय की व्यवस्थित.